पिवळ्या डोळ्याची गाडी

आई, तुझी गाडी परत पोर्चमध्ये येऊन उभी राहिली आहे. दोन्ही दारांवर काळ्या आकड्यांचे गोल स्टिकर अजून तसेच आहेत, ते खरवडून काढायला मला जोर नाही. दुपारचं ऊन कलतं तेव्हा तिच्या काचेवरचा कवडसा स्वयंपाकघराच्या भिंतीवर पडतो, तुझ्या किल्ल्या लटकायच्या त्या खिळ्याच्या जरा खाली, आणि मी चहा गाळता गाळता तिकडे बघत राहते. थकले आहे मी. दुखणंबिखणं काही नाही. तू असतीस तर पापणी ओढून डोळा बघितला असतास आणि म्हणाली असतीस, रक्त कमी आहे, गूळ-शेंगदाणे खा. ते मी खाते आहे. पण या वर्षात मी इतक्या लोकांना इतक्या गोष्टी समजावून सांगितल्या की आता काहीही समजावून न सांगता कुणाशी तरी बोलावंसं वाटतं, आणि तशी तू एकटीच आठवलीस.

तरी थोडं समजवावं लागेलच, कारण तू गेल्यानंतरचं तुला काही माहीत नाही. तू गेल्यावर काही वर्षं मी शाळेत शिकवायला जाताना गाडी नेत असे. मग बाबाही गेले, माझे गुडघे कुरकुरायला लागले, आणि एका पावसाळ्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायचा मला कंटाळा आला. ती विटांवर चढली. मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. दवाखान्याच्या दोन खोल्यांना कुलूप लागलं ते लागलंच. दादा पुण्याहून दर दिवाळीला येऊन एकच सांगायचा, की पांढरकवड्यात आता तुझं आहे कोण, घर विकू, तू आमच्याकडे ये. मी या वर्षी निवृत्त झाले तेव्हा हो म्हणून टाकलं. हो म्हणणं सोपं पडतं. घराला गिऱ्हाईक मिळालं, भांडी कोणाला, कपाटं कोणाला ते ठरलं. उरली तुझी गाडी. दादाच्या इमारतीत एकाच गाडीची जागा आहे आणि तिथं त्याची गाडी उभी असते. हायवेवरचा भंगारवाला आपणहून दोनदा येऊन गेला, बॉनेटवर थापटी मारून म्हणाला, "बाई, लोखंड मस्त हाय जुनं." जनावर विकत घ्यायला आल्यासारखा तो तिच्याभोवती फिरत होता, ते मला बघवलं नाही.

तेवढ्यात दादाच्या मुलानं, माझ्या भाच्यानं, ही कल्पना काढली. तू गेलीस तेव्हा तो रांगत होता. आता तिशीचा आहे, कॉम्प्युटरवर काम करतो आणि जुन्या गाड्यांचं वेड आहे. नागपूरच्या एका जुन्या गाड्या जमवणाऱ्या गृहस्थांशी त्याची ओळख. त्यांच्या शेडमध्ये म्हणे वीस-पंचवीस गाड्या आहेत, रोज पुसतात, आठवड्यातून एकदा फिरवतात. पण त्यांची अट अशी की नुसती दिसायला चांगली गाडी ते घेत नाहीत. दरवर्षी जुन्या गाड्यांची एक रॅली निघते, त्यात जी गाडी भाग घेईल आणि नियमात राहून शेवटपर्यंत पोचेल तीच शेडमध्ये. यंदाची रॅली यवतमाळहून निघून पांढरकवडा, मुकुटबन करत वणीला संपणार होती. "आत्या, आपल्या दारावरून जाते आहे रॅली," तो म्हणाला, "गाडी शेवटपर्यंत गेली तर तिला कायमचं घर मिळेल. नाही तर तो भंगारवाला आहेच." मला इतकंच कळलं की शेवटपर्यंत गेलं की मी मोकळी. मी हो म्हटलं. यंदा मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

हायवेवर तुझ्या ओळखीच्या तांड्यातल्या एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. तुला आठवत असेल तर आठवेल, त्याच्या आजोबांनी तुला ती पितळी रिंग करून दिली होती. गावाकडून परत येताना संध्याकाळी बैलाचं शिंग लागून उजव्या दिव्याची चकचकीत कड कुठं नाल्यात पडली, ती सापडली नाही, आणि त्या म्हाताऱ्यानं घरातल्या पितळी ताटाची कड कापून, ठोकून ठोकून दिव्याभोवती बसवली. तात्पुरती, असं तू म्हणाली होतीस. दर दसऱ्याला गाडीची पूजा करताना तू मला ती चिंचेनं घासायला लावायचीस, आणि माझ्या बोटांना दोन दिवस चिंचेचा वास यायचा. एक दिवा पांढऱ्या कडेचा, एक पिवळ्या. तांड्यावरची पोरं लांबून ओरडायची, पिवळ्या डोळ्याची गाडी आली. भाच्याला ती रिंग मुळीच पटली नाही. गाडी मूळ रूपात पाहिजे, म्हणून त्यानं कलकत्त्याहून जुळणारी कड मागवली. ती वेळेत आली नाही, हे एक बरं झालं का वाईट ते मला अजून ठरवता येत नाही.

मिस्त्रीनं गाडी पूर्ण उलगडली. इंजिन खाली उतरवून पुन्हा बसवलं, दारांच्या बिजागऱ्या, वायपर, ब्रेकचे पाइप, सगळं नवं. त्याच्या गॅरेजात एका बाजूला मी खुर्ची टाकून बसायची आणि तो गाडीखालून बोलायचा. "बाई, याडीनं गाडी सांभाळली होती बरं. क्लच पाहा, घासलाच न्हाई." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तुला सगळा तांडा डाक्टरीन याडी म्हणायचा आणि मला कोणी काहीच म्हणायचं नाही. मग रॅलीच्या नियमांची पाळी आली. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा पाहिजे, गाडी उलटली तर छप्पर चेपू नये म्हणून. पुढची लांब सीट काढून दोन वेगळ्या खुर्च्या, पट्ट्यांसकट. आणि मागची सीट पूर्ण काढायची, वजन कमी व्हावं म्हणून. मिस्त्री पाना हातात घेऊन थांबला, माझ्याकडे बघून म्हणाला, "काढू?" मी म्हटलं, "काढ." मला वाईट वाटलं असेल असं त्याला वाटलं. खरं सांगू, आई? मला बरं वाटलं. आता यात कोणी बसू शकणार नाही, हा विचार माझ्या मनात आला, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईच्या मनात तो आला याची लाजही वाटली नाही.

तुला ते कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. माझं सगळं लहानपण त्या मागच्या सीटवर सरकून बसण्यात गेलं. तू गाडी घेऊन कुठंही निघालीस, केळापूर, झरी, कुठल्याशा कोलामांच्या पोडावर, की मी हट्टानं मागे बसायची, आणि पहिल्याच फाट्यावर कोणीतरी हात वर करायचं. तू न बोलता दुसरा गिअर टाकून हळू व्हायचीस, आरशात माझ्याकडे बघायचीस आणि म्हणायचीस, "सरकून बस." दार उघडायचं. पोटुशी बाई आणि तिची सासू, कधी तापलेलं पोर, कधी नुसतीच गाठोडं घेतलेली म्हातारी जिला बाजारात जायचं असायचं. पुढची जागा दवाखान्यातल्या दाईची, तिथं कोणी बसायचं नाही. सगळे मागे. कोंबडी असायची. ओल्या कापसाचा, घामाचा, तंबाखूचा वास. मी दाराच्या हँडलपर्यंत सरकत जाऊन काचेला नाक लावायची. तुझ्या मानेवरचा अंबाडा मला त्यांच्या डोक्यांमधून दिसायचा, आणि त्यांचं तुझ्याशी बोलणं सुरू व्हायचं ते उतरेपर्यंत संपायचं नाही. घरी तरी काय, तू ओट्याशी उभ्यानं पोळीचा तुकडा मोडत असायचीस, मी शाळेतलं काही सांगायला लागायची, आणि मागच्या दाराशी कोणीतरी हाक मारायचं. किल्ल्या खिळ्यावरून निघायच्या. मी सांगत असलेलं वाक्य तिथंच लटकायचं.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी तू स्वतः म्हणालीस, "चल, आपण दोघीच केळापूरला देवीला जाऊन येऊ." दोघीच. मी नवं परकर-पोलकं घातलं होतं, आणि पहिल्यांदाच पुढे बसले होते, दाई सुट्टीवर होती म्हणून. गाव सुटलं, पुलाच्या अलीकडे एक जोडपं उभं, बाईच्या कडेवर मान टाकलेलं पोर. तू थांबलीस. बापाला मागे बसवलंस, आणि त्या बाईला हवा लागावी म्हणून पुढे, माझ्या बाजूला. आणि म्हणालीस, "सरकून बस." मी सरकले. पण मला रडू फुटलं, आवाज न करता, नाक ओढत. तू बघितलंस. त्यांना दवाखान्यात पोचवून, पोराला सुई देऊन तू परत गाडीत बसायला आलीस, पण बसली नाहीस. माझ्या बाजूचं दार उघडून म्हणालीस, "तिकडे जा, स्टिअरिंगवर. शिक. चालवणाऱ्याला कोणी सरक म्हणत नाही." तू हे चिडून म्हणालीस की हसून, ते मी इतकी वर्षं ठरवते आहे. पण त्याच संध्याकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या आवारात तू मला गाडी शिकवायला सुरुवात केलीस. तुझ्या हातून मला मिळालेली सगळ्यात मोठी भेट तीच, आणि ती द्यायला तुला दोन वाक्यं लागली.

तू शिकवलेलं माझ्या पायात मुरलं आहे. बैलगाडी पुढे असली की हॉर्न वाजवायचा नाही, दुसऱ्या गिअरवर मागे मागे जायचं, बैल बुजला तर गाडीवान शिव्या देईल आणि त्या आपल्याला मिळायलाच पाहिजेत, असं तू म्हणायचीस. वेग एकदा धरला की तो हलू द्यायचा नाही, मागे बसलेल्या बाईच्या पोटाला हिसका बसता कामा नये. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते, म्हणून इंजिनाच्या त्या छोट्या पंपाला जुन्या लुगड्याचं ओलं फडकं गुंडाळायचं. रॅली म्हणजे शर्यत नसते हे मला भाच्यानं सांगितलं तेव्हा मी मनातून जरा खूश झाले. ठरवून दिलेल्या सरासरी वेगानं ठरलेल्या चौकीवर ठरलेल्या वेळी पोचायचं. लवकर पोचलात तरी गुण जाणार, उशिरा पोचलात तरी जाणार. म्हणजे तुझीच चाल. भाचा शेजारी बसून नकाशा आणि घड्याळ बघणार आणि मी चालवणार, कारण स्टिअरिंगवरचे गिअर त्याला टाकता येत नव्हते.

आता तुला इकडचं सांगावं लागेल, कारण त्यात तुझी गाडी सापडली. कापसाचे दिवस फार वाईट आहेत, आई. तुझ्या वेळीही पाऊस दगा द्यायचा, बोंडअळी पडायची, पण माणसं पुढच्या हंगामाचं बोलायची. आता बोलत नाहीत. खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागतात, बैल सोडून माणसं तिथंच चुली मांडतात. कुठल्या कुठल्या गावात घरचा कर्ता माणूस जातो, आणि मग चौकशीला पथक येतं. पथकं, समित्या, दिल्लीचे, मुंबईचे. ते सगळे येतात पांढऱ्या अ‍ॅम्बॅसिडरमधून. त्यामुळे पांढरी अ‍ॅम्बॅसिडर रस्त्यावर दिसली की पारावरचे लोक बोलायचे थांबतात आणि कोणाच्या घरापुढे उभी राहते ते बघतात. आणि तुझी गाडीही अ‍ॅम्बॅसिडरच, पांढरी. मिस्त्रीनं मला सुचवलं होतं, "बाई, रंग बदला. ह्या रंगानं खेड्यात फिरणं बरं न्हाई." भाचा म्हणाला मूळ रंगच पाहिजे, शेडवाल्यांना तोच लागतो. मी दमून म्हटलं, ठेवा पांढराच.

ऑक्टोबरच्या उन्हात आम्ही एकदा पूर्ण रस्ता चालवून बघितला. मुकुटबनच्या अलीकडे एका गावाशी गाडी अडली, वाफच झाली होती, मी फडकं बांधायला विसरले होते. मी बॉनेट उघडून पदराचं टोक ओलं करते आहे तोवर माणसं जमली. पळत नाही, हळूहळू. एकानं खुर्ची आणली. एकानं पाण्याचा तांब्या. दोघांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घड्या घातलेले कागद, आणि एक बाई पदर घट्ट धरून मागे उभी. म्हातारा पुढे होऊन भाच्याला विचारतो, "साहेब, कोणत्या हापिसातून?" भाच्याच्या डोक्यावर टोपी, गळ्यात स्टॉपवॉच. तो गोंधळला. मी म्हटलं, आम्ही सरकारी नाही, गाडी बंद पडली म्हणून थांबलो. आधी त्यांचा विश्वास बसेना. मग बसला, आणि ते जास्त वाईट झालं. कागदवाला माणूस पिशवीची गाठ परत मारत म्हणाला, "मंग पांढऱ्या गाडीत कायले फिरता बाई?" जुन्या गाड्यांची रॅली आहे असं त्या बाईच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. हातभर बांगड्या, कानात जड डूल, तांड्यावरची. ती माझ्याशी बोललीच नाही, सरळ गाडीच्या उजव्या दिव्यापाशी गेली आणि पितळी कडेवर हात ठेवला. "ही तं डाक्टरीन याडीची गाडी व्हय," ती लोकांना म्हणाली, "सरकारची कायची? चुलीत घाला कागद." लोक जरा सैलावले, एक-दोघं हसले. मग तिनं मला विचारलं, "याडी कुठं हाय?" मी म्हटलं, गेली, आजी. खूप वर्षं झाली. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मले कोणं सांगतलंच न्हाई." तिचा आवाज असा की जसं काही ते मी तिला कळवायचं राहून गेलं. नंतर तिनं मागच्या खिडकीतून आत डोकावलं. नळ्यांचा पिंजरा, उघडा पत्रा, एक जादा चाक. "सीट कुठं गेली व?" मी म्हटलं, काढली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग आम्ही कुठं बसाचं?" भाचा हसला. मला हसू आलं नाही. गाडी चालू झाली, आम्ही निघालो, आणि परतीच्या वाटेवर मी कितीतरी वेळ आरशात बघत होते, मागे बघण्यासारखं काही नसताना.

रॅली निघाली ती वेचणीच्या दिवसांत. यवतमाळला सकाळी मैदानावर सगळ्या गाड्या रांगेत, बॉनेटवर फुलं, आणि वर कापडी फलक की शेतकऱ्यांच्या पाठीशी आम्ही. कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. तिथं सुटाबुटातल्या माणसांत मी सुती साडीत, आणि लोक मला भाच्याची आजी समजत होते. ते शेडवाले गृहस्थ स्वतः भेटले, फार सभ्य. गाडीभोवती फिरून म्हणाले, "अप्रतिम. फक्त ती पिवळी कड तेवढी बदलू." मी हो म्हटलं. पण आई, चालवायला लागले आणि सगळा शीण विसरले. गाडी तुझ्यासारखी चालत होती. भाचा सेकंद मोजत होता आणि दर चौकीवर आम्ही बरोब्बर. पांढरकवड्याला आपल्या घरावरून गेले तेव्हा गल्लीतल्या बायका ओट्यावर उभ्या होत्या, हात हलवत. मी हात हलवला नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर. भाचा म्हणाला, "आत्या, आपण पहिल्या तिनात आहोत. वणी गाठली की झालं." वणी गाठली की गाडी नागपूरला आणि मी पुण्याला, असं मी मनात म्हटलं, आणि पाय जड झाला. वेग मात्र हलू दिला नाही.

मुकुटबनच्या अलीकडे रस्ता सरळ जातो, दोन्हीकडे पऱ्हाटी, फुटलेला कापूस. लांबवर फाट्याच्या लिंबाखाली ती म्हातारी उभी. पुढच्या गाड्या तिच्यासमोरून धूळ उडवत गेल्या, लाल, हिरवी, तिनं कशाकडेही बघितलं नाही. आमची गाडी दिसली आणि तिचा हात वर झाला. डोक्यावर घडी घातलेलं पोतं, हातात फडक्यात बांधलेली भाकर. भाचा ओरडला, "आत्या, नको. आत्या, तिसरं माणूस गाडीत चालत नाही, बाद करतील, चौकी आलीच आहे समोर." गाडी तिच्यापाशी थांबली. मी थांबवली. तिनं मागचं दार उघडलं, पोतं पत्र्यावर अंथरलं आणि पिंजऱ्याची नळी धरून बसली. सीट नाही हे माहीत असल्यामुळे पोतं घेऊनच आली होती. "यष्टी बंद हाय आज," ती म्हणाली, "तुमच्या मोटारीपायी. पोरगं चार रोजापासून कापसाच्या गाडीजवळ बसून हाय मुकुटबनले. भाकर कोण नेईन त्याची?" भाच्यानं घड्याळ बंद केलं. मग मान वळवून म्हणाला, "आजी, तो नट लागेल, पाय इकडे घ्या." तेवढ्यासाठी तो मला आयुष्यभर आवडेल.

चौकीवर झेंडा घेतलेला मुलगा वाकून आत बघतो आणि म्हणतो, "मॅडम, हे मागे कोण?" मी म्हटलं, "सवारी." त्यानं वायरलेसवर विचारलं, परत आला, खूप अवघडून त्यानं आमच्या दारावरच्या आकड्यावर काळी पट्टी चिकटवली. म्हातारीनं विचारलं, हे काय चिकटवलं? मी म्हटलं, काही नाही, आपली वाट वेगळी आहे. रॅली वणीकडे वळली आणि आम्ही खरेदी केंद्राकडे. तिथं बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. आमची पांढरी गाडी बघून लोक उठून उभे राहिले, आणि त्यातून ती उतरलेली बघून परत बसले. तिचा मुलगा चाळिशीचा, दाढी वाढलेली, लाजून म्हणाला, "कायले आली व? मी उपाशी मरत होतो का?" ती म्हणाली, "मरत नव्हता, पण जेवतही नव्हता." भाकर त्याच्या हातात दिली, पोतं घडी करून डोक्यावर घेतलं आणि बैलांच्या सावलीत जाऊन बसली. आमच्याकडे वळून बघितलंही नाही. तुझ्या गाडीतून उतरणारे कधी वळून बघत नसत, हे मला तेव्हा आठवलं. त्यांना उद्या परत बसायचंच असायचं.

पुढचं लवकर सांगते, लिहून हात दुखायला लागला. शेडवाल्यांनी फोन करून फार सभ्यपणे सांगितलं की नियम म्हणजे नियम. दादा मात्र सभ्य राहिला नाही. तुझ्यानं एक गोष्ट धड होत नाही, म्हणाला, आता त्या खटाऱ्याचं करायचं काय? मी म्हटलं, ती आहे तोवर मी इथंच थांबते. घराच्या गिऱ्हाइकाला मी नकार कळवला. दादा अजून बोलत नाही. मिस्त्रीनं पिंजरा कापून काढला, मागची सीट नव्या काथ्यानं भरून जागच्या जागी बसवली, आणि ती कलकत्त्याची कड अखेर आली ती त्याच्याच फळीवर पडून आहे. गावात मात्र माझं कौतुक चाललं आहे. बाजारात बायका थांबवून म्हणतात, आईवर गेली हो. भाच्यालाही मी तेच सांगितलं, दादालाही, की मी काही केलं नाही, हात दिसला आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला, आईची सवय. सगळ्यांना ते पटलं. काही दिवस मलासुद्धा पटलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तुला खरं लिहिते. पाय आपोआप गेला नाही. रस्ता सरळ होता, ती मला खूप लांबून दिसली होती, आणि तिचा हात वर व्हायच्या आधीपासून तो व्हावा म्हणून मी वाट बघत होते. तिची भाकर, तिचा मुलगा, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. तू थांबली असतीस ती तिच्यासाठी. मला तुझी गाडी कोणाला द्यायची नव्हती, आणि माझ्या वतीनं नाही म्हणायला मला तिच्याशिवाय दुसरं कोणी सापडलं नाही.